चांगला चाललेला डाव एका चालीत पडतो? नवशिक्या खेळाडूने काय तपासावं, कोणत्या क्रमाने

गेली बारा वर्षं शनिवार-रविवारी मी बुद्धिबळ शिकवतो. शाळकरी मुलं जास्त, थोडे नोकरीवाले, दोन-तीन निवृत्त. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच असते: "सर, डाव चांगला चालला होता हो, आणि मग एक चाल चुकली." हा दोष मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की त्याच्या तपासणीचा क्रम आता माझा ठरून गेला आहे. तोच इथे लिहितो. नियम येतात, मोहरे कसे चालतात ते माहीत आहे, पण महिनोन्महिने खेळूनही पुढे सरकत नाही, अशांसाठी हे आहे.

आधी लक्षणं बघा.

पहिल्या दहा-बारा चाली नीट होतात, किल्लेकोटही होतो, आणि पंधराव्या-विसाव्या चालीच्या आसपास घोडा किंवा उंट बिनजोर (म्हणजे दुसऱ्या कुठल्याच मोहऱ्याचा आधार नसलेला) राहून फुकट जातो. चूक कळते, पण हात मोहऱ्यावरून सुटल्याबरोबर, म्हणजे एक सेकंद उशिरा. ऑनलाइन रेटिंग ७०० ते ९०० मध्ये वरखाली फिरत राहतं आणि एखाद्या रात्री शंभर गुण उतरतं. ॲपवरची बुद्धिबळाची कोडी सुटतात, डावात मात्र तीच युक्ती दिसत नाही. एक वजीर जास्त असताना डाव बरोबरीत सुटतो. मोबाईलवर जिंकणारा मुलगा स्पर्धेत खऱ्या पटावर गोंधळतो.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं आहे. चूक तुम्हाला लगेच दिसते याचा अर्थ ती ओळखण्याएवढं ज्ञान तुमच्याकडे आहे. फक्त बघायचं काम चाल करण्याआधी व्हायला हवं होतं, ते नंतर होतं. पालक अशा वेळी ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं आणतात, महागडे कोर्स घेतात, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. म्हणून मी फुकटच्या तपासण्या आधी करायला लावतो.

आणखी एक: एखाद्या तपासणीत दोष सापडला तर तिथेच थांबा. दोन आठवडे तेवढंच करा, मग पुढे जा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

पहिली तपासणी: घड्याळ

शेवटचे वीस डाव किती मिनिटांचे होते ते ॲपमध्ये बघा. तीन मिनिटांचे, पाच मिनिटांचे, आणि जेवणानंतर अंथरुणात पडून एकामागून एक दहा? मग बाकी काही तपासायची अजून गरज नाही. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांत प्रत्येकी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी वेळेचा डाव ब्लिट्झ धरला जातो. ब्लिट्झमध्ये हात सवयीने चालतो. सवयी चांगल्या असतील तर त्या पक्क्या होतात. नवशिक्याच्या अजून चांगल्या सवयीच लागलेल्या नसतात, त्यामुळे पक्की होते ती न बघता चाल करायची सवय.

उपाय: पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला दहा सेकंद, असा डाव निवडा. दिवसाला दोनच. हरल्यावर लगेच तिसरा लावायचा नाही. रागाने लावलेल्या डावात रेटिंग कसं वाहून जातं हे तुमच्याच खात्यावर तारखेनिशी दिसेल. आणि दोनपैकी एक डाव शक्य असेल तर खऱ्या पटावर, घरातल्या कुणाशी तरी. मोबाईलवर पट वरून, सपाट दिसतो. स्पर्धेत तुम्ही तो बसल्या जागेवरून तिरका बघता, साडेनऊ सेंटीमीटरचा राजा समोर उभा असतो आणि त्याच्यामागचा कोपऱ्यातला उंट नजरेआड जातो. डोळ्यांना त्याची सवय वेगळी लावावी लागते. साधा गुंडाळायचा पट आणि प्लॅस्टिकचे मोहरे त्याला पुरतात.

माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांचा दोष इथेच मिटतो.

दुसरी तपासणी: हात आधी की डोळे आधी

फुकट आहे, पण अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला लागतो, म्हणून इथे जरा थांबतो.

सातवीतल्या एका मुलीचा डाव सांगतो. ती पांढऱ्याने खेळत होती. तिचा घोडा डी४ वर (ए ते एच हे उभे रकाने, १ ते ८ या आडव्या पट्ट्या), त्याला जोर फक्त डी१ वरच्या वजिराचा. उंट सी२ वर, पण त्याच्या वाटेत ई४ वर स्वतःचंच प्यादं. समोर काळ्याचा राजा किल्लेकोट करून बसलेला. तिने विचार केला तो खरोखर छान होता: वजीर एच५ ला न्यायचा, पुढच्या चालीला प्यादं ई५ ला सरकवायचं, उंटाची वाट मोकळी, आणि एच७ वर मात. वजीर उचलला, एच५ वर ठेवला. समोरच्या मुलाने सी६ वरच्या घोड्याने डी४ वरचा घोडा मारला. तिने ओठ आवळले. तिला त्याच क्षणी कळलं होतं. वाईट म्हणजे तो काळा घोडा आता सी२ वरच्या उंटावरही नेम धरून होता. तिने तरीही प्यादं ई५ ला ढकललं, त्याने उंट मारला, आणि मात करायला कुणी उरलंच नाही.

तिची योजना चुकीची नव्हती. तिने एक गोष्ट बघितली नाही: वजीर डी१ सोडतो तेव्हा तो तिथे करत असलेलं काम कोण करणार? मोहरा हलला की तो नव्या घरी जातो हे आपण बघतो, जुन्या घरावरून त्याने धरलेला जोर सुटतो हे बघत नाही. फुकट गेलेल्या मोहऱ्यांतले अर्धेअधिक माझ्या बघण्यात असेच गेलेले आहेत.

म्हणून प्रत्येक चालीआधी तीन प्रश्न, याच क्रमाने. त्याने आत्ता ही चाल का केली? मी जो मोहरा उचलणार आहे त्याचा जोर कुणाकुणाला होता? मी चाल केल्यावर तो कोणता शह देऊ शकतो आणि काय मारू शकतो? पंधरा ते वीस सेकंद लागतात. घरी खेळताना हे मोठ्याने म्हणायचं, आईबाबा हसले तरी चालेल. दोन आठवड्यांनी मनातल्या मनात.

तोवर हात मांडीखाली. मी हे अक्षरशः करायला लावतो. स्पर्धेत मोहऱ्याला खेळण्याच्या हेतूने हात लावला की तोच खेळावा लागतो, त्यामुळे हात पटावर घिरट्या घालत असेल तर तो एक दिवस नको त्या मोहऱ्यावर टेकणारच.

जुने खेळाडू मुलांना सांगतात, चाल आधी कागदावर लिही, मग कर. हेतू चांगला, पण फिडेच्या नियमांत आता चाल आधी लिहायला परवानगी नाही. पंचांकडून ताकीद मिळते आणि मूल डावाच्या मध्यातच घाबरतं. त्याऐवजी चाल ठरली की एकदा नजर पटावरून काढून आपल्या पाण्याच्या बाटलीकडे बघायचं आणि पुन्हा पटाकडे, जणू आत्ताच येऊन बसलो आहोत. मग चाल करायची, घड्याळ दाबायचं आणि लिहायचं.

तिसरी तपासणी: हरलेल्या दहा डावांची वही

वीस-तीस रुपयांची वही आणा. शेवटचे हरलेले दहा डाव काढा, जिंकलेले नकोत. प्रत्येक डावाची एक ओळ: तारीख, कितव्या चालीला डाव फिरला, काय गेलं, आणि का. 'का' साठी चारच शब्द वापरायचे: दिसलं नाही, मोजणी चुकली, माहीत नव्हतं, घाई.

हे संगणकाला विचारायच्या आधी स्वतः लिहायचं. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्राम, प्रत्येक चालीला कोण किती प्याद्यांएवढा पुढे आहे याचा आकडा दाखवतं, आणि नवशिक्या पाव-अर्ध्या प्याद्याच्या फरकावर डोकं खपवत बसतो. तुमच्या पातळीला तिथे डाव ठरत नाही. स्वतः लिहून झाल्यावर लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव टाका. तिथलं विश्लेषण मोफत आहे. आकडा एकदम तीन किंवा त्याहून जास्त उडतो ती जागा शोधा. तीन म्हणजे ढोबळमानाने एक घोडा किंवा उंट. तुमच्या वहीतली चाल आणि ही चाल एकच आहे का? नसेल, तर जिथे डाव हरलो असं तुम्हाला वाटतं, त्याच्या आधीच तो गेलेला आहे. हे कळणंही मोठं काम आहे.

ही तपासणी करायची ती पुढे कुठे वळायचं हे ठरवण्यासाठी. दहापैकी सहा ओळींत 'दिसलं नाही' किंवा 'घाई' असेल तर पुढे वाचू नका, मागच्या दोन तपासण्यांकडे परत जा. 'मोजणी चुकली' जास्त असेल तर पाचवी तपासणी. 'माहीत नव्हतं' असेल तर ते डावाच्या सुरुवातीला माहीत नव्हतं की शेवटी, त्यावरून चौथी किंवा सहावी.

चौथी तपासणी: सुरुवात

इथे फार वेळ घालवू नका. मधली प्यादी पुढे, घोडे-उंट बाहेर, दहाव्या चालीच्या आत किल्लेकोट, वजीर उगाच लवकर बाहेर नाही. एवढं होत असेल तर तुमची सुरुवात ठीक आहे.

एकच सापळा मात्र शाळेच्या स्पर्धांमध्ये अजूनही पाच मिनिटांत डाव संपवतो, तो पाठ करा. पांढऱ्याने ई४ (म्हणजे प्यादं ई४ वर), काळ्याने ई५, पांढऱ्याचा वजीर थेट एच५ वर. घाबरून जी६ खेळलात तर वजीर ई५ चं प्यादं शह देऊन मारतो आणि त्याच वेळी एच८ च्या हत्तीवरही नेम धरतो. म्हणजे हत्ती गेला. बरोबर उत्तर आहे घोडा सी६, ई५ ला जोर. मग पांढऱ्याचा उंट सी४ वर येतो आणि एफ७ वर मातेची धमकी उभी राहते. इथे 'वजिरावर हल्ला करू' म्हणून घोडा एफ६ खेळलात की एफ७ वर मात. आता मात्र जी६ बरोबर. वजीर एफ३ ला मागे गेला की घोडा एफ६, आणि वजीर बाहेर काढण्यात पांढऱ्याचाच वेळ वाया गेलेला असतो. जी६ ही चाल दुसऱ्या चालीला घोडचूक आणि तिसऱ्या चालीला उत्तम उत्तर आहे. नुसती चाल पाठ करून का भागत नाही हे मुलांना यावरून चटकन कळतं.

पाचवी तपासणी: कोडी सुटतात, डावात का दिसत नाहीत

कोडं समोर येतं तेव्हा 'इथे काहीतरी आहे' हे तुम्हाला आधीच सांगितलेलं असतं. डावात कुणी सांगत नाही. त्यामुळे नुसती कोडी वाढवून उपयोग होत नाही, पद्धत बदलावी लागते.

लिचेसवर विषयवार कोडी मोफत मिळतात. आधी फक्त दोन विषय घ्या: घोड्याचा दुहेरी हल्ला आणि शेवटच्या पट्टीवरची मात. रोज पंधरा, तीही सोपी. पूर्ण उत्तर मनात आल्याशिवाय पहिली चाल करायची नाही. अंदाजाने चाल करून बघितली तर डावातही तेच कराल. दोन आठवड्यांनी विषय न सांगणारी सरमिसळ कोडी घ्या. आणि मी करून घेतो तो खास सराव: कोडं सुटलं की पट उलटा फिरवायचा आणि हरलेल्या बाजूने विचारायचं, याने आधीची कोणती चाल वेगळी केली असती तर हे टळलं असतं? नवशिक्याला वार करायच्या आधी वार चुकवायला यावं लागतं.

शेवटच्या पट्टीची मात तर एका प्याद्याने टळते. राजा जी८ वर, पुढे एफ७, जी७, एच७ ही तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत, आणि आठव्या पट्टीवर हत्ती नाही. समोरचा हत्ती ई८ वर आला की संपलं. हत्ती-वजीर अजून पटावर आहेत आणि एखादी चाल मोकळी मिळते आहे, तेव्हा एच६ खेळून राजाला खिडकी ठेवा.

सहावी तपासणी: जिंकलेला डाव जिंकता येतो का

हे सगळ्यात कंटाळवाणं वाटतं, म्हणून कुणी करत नाही. आणि मग वजीर जास्त असलेला मुलगा रडत बाहेर येतो, कारण समोरच्याला शहही नाही आणि हलायला घरही नाही, डाव बरोबरीत.

राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा हा डाव अचूक खेळला तर जास्तीत जास्त दहा चालींत संपतो. पद्धत अशी. तुमचा वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या उडीएवढ्या अंतरावर ठेवा. राजा हलला की वजीरही त्याच दिशेने, तेच अंतर राखून. शह द्यायचा नाही, नुसतं ढकलत न्यायचं. राजा कडेला आणि मग कोपऱ्यात जातो. आणि इथेच थांबायचं! राजा कोपऱ्यात एच८ वर गेला आणि तुम्ही त्याच सवयीने वजीर एफ७ किंवा जी६ ला ठेवलात, की तीच घोड्याची उडी आता त्याची तिन्ही घरं बंद करते, शह मात्र बसत नाही. बरोबरी. कोपरा आला की वजीर सातव्या पट्टीवर ठेवून राजाला आठव्या पट्टीत कोंडायचं, हलायला दोन घरं शिल्लक ठेवायची, आणि आपला राजा चालत आणायचा. हत्तीने मात करायला जास्तीत जास्त सोळा चाली लागतात, तीही याच आठवड्यात शिका.

मग राजा आणि एक प्यादं. तुमचं प्यादं ई५ वर, राजा त्याच्या पुढे ई६ वर, समोरचा राजा ई८ वर: चाल कुणाचीही असो, तुम्ही जिंकता. प्यादं ई४, राजा ई५, समोरचा राजा ई७: चाल त्याची असेल तर तुम्ही जिंकता, तुमची असेल तर बरोबरी. हा फरक पटावर मांडून, दोन्ही बाजूंनी, दहा वेळा खेळा. राजा प्याद्याच्या पुढे चालवायचा, मागे नाही, हे तेव्हाच पटतं.

हे एवढं का महत्त्वाचं? १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. तेव्हाचा जगज्जेता चीनचा डिंग लिरेन आणि आव्हानवीर भारताचा डी. गुकेश यांचे गुण समसमान होते. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीकडे चालला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर ठेवला. गुकेशने हत्तींची अदलाबदल केली, मग आपला उंट डी५ वर आणून उंटांचीही करून घेतली, आणि पटावर उरले दोन राजे आणि तीन प्यादी, त्यातली दोन गुकेशची. तीन चालींत डिंगने डाव सोडला. अदलाबदल करताना गुकेशला पुढचा राजा-प्याद्यांचा डाव जिंकलेला दिसत होता, म्हणून ती करता आली. डावात अदलाबदलीचा प्रश्न तुमच्यापुढेही रोज येतो.

कधी थांबायचं आणि प्रशिक्षकाकडे जायचं

वरचं सगळं दोन-तीन महिने मन लावून केलं, मोहरे फुकट जाणं खरंच थांबलं, आणि तरीही हरता आहात, तर आता स्वतः खटपट करू नका. वहीत 'का' च्या रकान्यात काय लिहावं हेच कळेनासं झालं, कुठे काही गेलं नाही तरी हळूहळू गुदमरून हरलो असं वाटू लागलं, ही तर अगदी स्पष्ट खूण आहे. मोहरे कुठे बसवावेत, कोणतं प्यादं पुढे न्यावं, हे प्रश्न व्हिडिओ बघून सुटत नाहीत. तुमचे डाव बघणारा माणूस लागतो. फिडे रेटिंगच्या स्पर्धांत उतरायचं असेल तरीही आधी प्रशिक्षक गाठा. मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत १४०० च्या खालचं रेटिंगच नाही, म्हणजे रेटिंग असलेला समोरचा प्रत्येक खेळाडू किमान तेवढा असणार.

जाताना वही आणि वीस डाव लिहून घेऊन जा. पहिल्याच भेटीत विचारा: "सर, आधी माझे डाव बघाल का?" डाव न बघता ओपनिंगच्या फाइली देणारा असेल तर दुसरीकडे चौकशी करा. जिल्हा संघटनेच्या स्पर्धेला जाऊन, दुसऱ्या खोलीत हरलेल्या मुलाशी बसून कोण शांतपणे डाव बघतं आहे ते पाहिलंत तर योग्य माणूस सापडतो.

आणि एक वेगळी वेळ आहे, तिथे मीही काही करू शकत नाही. मूल हरल्यावर रात्री झोपत नाही, जेवत नाही, स्पर्धेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं म्हणतं, किंवा हरलो हे घरी सांगायला घाबरतं. मग सगळ्या तपासण्या, वही, कोडी बंद. महिनाभर स्पर्धा नाही. तरीही तसंच चाललं तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. या महिन्यात डाव खेळायचाच असेल तर आजोबांबरोबर, घड्याळाशिवाय, आणि चुकलेली चाल परत घ्यायची मुभा ठेवून.